अकरा नंबरच्या नळीवरचा बाण

प्रल्हाद,

रविवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच ठेवून बोललो, म्हणून ते बोलणं आटोपतं झालं. तू म्हणालास, "अप्पा, ये की एकदा. एक चीज दाखवायची हाय तुला." मी म्हणालो, फोटो काढून पाठव. तू हसलास. "फोटूत कळत न्हाई ते. हातात घ्यावं लागतंय." मी गुडघ्याचं कारण सांगितलं, कलबुर्गीहून बसनं यायचं तर पाय आखडतो म्हणालो, आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो. त्यावर तू म्हणालास, "तुझा पुढचा आठवडा मी चाळीस वर्षं झाली बघायलाव." आणि फोन ठेवलास. मी दुसऱ्या गालाकडं वळलो.

बुधवारी सकाळी पुन्हा फोनवर तुझं नाव आलं. उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "येतो रे बाबा, जरा दम धर." पलीकडं तुझी शुभांगी होती. ती जे बोलली ते मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी तिला म्हणालो, "बाळ, फोन जरा त्याच्याकडं दे." मी पुन्हा म्हणालो, "दे की त्याच्याकडं." मग तिच्या हातून कुणीतरी फोन घेतला.

दूध आणायला निघाला होतास. ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होतास. एका पायातली लावून झाली होती. मी तुझ्या गावी, खटकचिंचोळीला पोचलो तेव्हा तुला आत आणून पांढऱ्या चादरीवर निजवलं होतं, उशाशी मेणबत्त्या होत्या, पंचशील म्हणून झालं होतं. ओट्यावर दुसरी चप्पल तशीच पडली होती. तिला कुणी हात लावत नव्हतं. मी तिच्या शेजारीच बसलो. तीन दिवसांपूर्वी ज्याचा आवाज मी साबणाच्या फेसातून ऐकला, तो आत बोलत नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आज दहा दिवस झाले. अजून शिरलेलं नाही.

तुझ्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. मला म्हणाले, "काका, सरांनी समुद्रावरची मोठी नोकरी गावच्या पोरांसाठी सोडली, त्याच्यावर तुम्हीच लिहा. तुम्ही तिथं होता." मी हो म्हणालो. ही नोकरी सोडल्याची गोष्ट त्यांना कुणी सांगितली? मीच. पंचवीस वर्षांपूर्वी, तू शिकवायचास त्या शाळेत पाहुणा म्हणून आलो तेव्हा व्यासपीठावरून सांगितली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्या शेजारी बसून टेबलावरच्या फुलदाणीकडं बघत होतास.

ती गोष्ट खोटी आहे. आज मी खरी लिहितो आहे. ती पोरं वाचणार आहेत म्हणून काही गोष्टी, तुला माहीत असूनही, तुलाच पुन्हा सांगाव्या लागतील. सहन कर.

माझे वडील खजुरी गावचे. विहिरी खणून द्यायचं काम घ्यायचे, पार बीदरच्या माळापर्यंत. तुझे वडील त्यांच्या टोळीतले सगळ्यात भरवशाचे खोदणारे. माझे वडील काठावर उभे असायचे आणि तुझे वडील खाली. आपण दोघं सुट्टीत तिथंच असायचो, काढलेल्या मातीच्या ढिगावर. वडिलांची एक रीत होती. दर परसाला, म्हणजे पुरुषभर खोलीला, निघालेली मूठभर माती बाजूला ओळीनं मांडायची, म्हणजे मालकाला कळावं की वर काय लागलं आणि खाली काय. आधी लाल जांभा, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्या ओळीच्या कडेनं ते चुन्यानं बाण काढायचे. टोक खालच्या अंगाला, पाण्याकडं. टोकाच्या पुढं एक ठिपका. तो ठिपका म्हणजे पाणी. ठिपका न काढता बाण काढला तर तुझे वडील खालून ओरडायचे, "मालक, पाणी इसरलाव व्हय?" सगळे हसायचे. पुढं बाण काढायचं काम माझ्याकडं आलं. विहीर कोरडी लागली तरी ठिपका काढायचाच, असा वडिलांचा हुकूम होता.

मग आपण गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, कॉलेजात भूशास्त्र शिकलो आणि दोघांचीही निवड किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत झाली. तुझे वडील तेव्हा म्हणाले होते, "आता समुद्रात हीर खणायलेत का काय?" ते विनोदानं म्हणाले, पण काम तेच होतं.

पोरांनो, तुमच्या सरांचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. समुद्राच्या मधून, पाण्याखालून, एक लांबच लांब डोंगररांग जाते. तिच्या माथ्यावर भेग आहे. त्या भेगेतून वितळलेला पाषाण वर येतो, थिजतो आणि त्याचा नवा तळ होतो. आधीचा तळ दोन्ही बाजूंना सरकतो, वर्षाला जेमतेम बोटाच्या एका पेराएवढा. वरून गाळ भुरभुरत असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं, कुठल्या कुठल्या वाळवंटातली धूळ. हजार वर्षांत त्याचा थर बोटभर होतो. माथ्यावरचा तळ नवाकोरा, म्हणून त्याच्यावर गाळ जवळपास नाहीच. जितकं लांब जावं तितका तळ जुना आणि गाळ जाड. माथ्याजवळ उकळते झरे असतात, त्यांतून लोखंड आणि मँगनीज बाहेर पडतं, म्हणून पाषाणाला अगदी लागून जो पहिला थर बसतो तो तांबूस तपकिरी असतो. तळ त्या झऱ्यांपासून लांब सरकला की वर पांढरा थर चढतो, कवचांचा.

हे जगात माहीत होतं. प्रल्हाद, तू म्हणत होतास की आपल्या समुद्रातली ही रांग दोन्ही बाजूंना सारखी सरकत नाही. पश्चिमेकडं सावकाश, पूर्वेकडं भरभर. आणि ते गाळाच्या जाडीवरून सांगता येणार नाही, पाषाणाला चिकटलेल्या पहिल्या थराचं वय काढूनच सांगता येईल. त्यासाठी तू रांगेच्या दोन्ही अंगांना अकरा जागा ठरवल्या. जहाजावरून लोखंडी पाईप सोडायचा, तो आपल्या वजनानं गाळात रुततो, त्याच्या आत प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यात गाळ थरांसकट उभाच्या उभा येतो. ती नळी डेकवर काढायची, कापायची, आणि तिच्यावर काळ्या शाईनं बाण काढायचा. टोक वरच्या अंगाला, म्हणजे समुद्राच्या पाण्याकडं. मग नळी आडवी ठेवा, उलटी ठेवा, वर काय होतं आणि खाली काय हे बाण सांगतो.

अकरावी नळी माथ्याच्या अगदी जवळची, पश्चिमेकडची. सगळ्यात महत्त्वाची तीच. त्या दुपारची पाळी तुझी होती आणि तू दोन दिवस ताप आणि उलट्यांनी केबिनमध्ये पडून होतास. मी म्हणालो, तू झोप, तुझी पाळी मी करतो. पाळीच्या वहीत तुझं नाव आधीच लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. माझ्याबरोबर डेकवर एक रोजंदारीचा म्हातारा मदतनीस होता. ऊन मी म्हणत होतं. नळी वर आली, कमरेएवढी, एकाच तुकड्यात. एका टोकाला पांढरा गाळ, दुसऱ्या टोकाला तांबूस, आणि त्या तांबड्याला काळ्या पाषाणाच्या काचेसारख्या चकमकत्या कपच्या चिकटलेल्या. मला आठवतं, मी मोठ्यानं हसलो. बीदरचा माळ! लाल आणि त्याच्याखाली काळा. दोन हजार कोसांवर, समुद्राच्या पोटात. मी तुला सांगायला धावत येणार होतो. आधी बाण काढला आणि मग धावत आलो.

बाण मी काळ्याकडं काढला. माझा हात दहाव्या वर्षापासून काळ्या पाषाणाकडंच बाण काढत आला होता. पाणी तिकडं असतं.

कपच्या वेगळ्या पिशवीत गेल्या, हरवल्या. नळीला टोपणं लागली. माझ्या लक्षात आलं नाही. हे खरं आहे, त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. एवढ्यापुरता मी निर्दोष आहे, आणि एवढ्याचपुरता.

वयाच्या चाचण्यांचे आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेतून आले ते तुझ्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी. तू कागद घेऊन माझ्या खोलीत आलास. "शिवराज, अकरा नंबर उलटी दिसायलीय रं. वरचं वय जास्त, खालचं कमी. तूच होतास ना तिथं? बाण कुणी काढला?" त्या क्षणी मला सगळं कळलं. माझ्या हाताची ती हालचाल मला डोळ्यांसमोर दिसली. आणि मी म्हणालो, "नळी मी कापली. बाण त्या मदतनीसानं काढला असेल. मी वही लिहीत होतो."

तू म्हणालास, "म्हातारा काढंल का तसा? पंधरा वर्षं ह्याच कामात हाय त्यो." मी म्हणालो, "माणूस आहे, चुकतो." तू माझ्याकडं बघितलंस, मग कागदाकडं. "बरं," म्हणालास. "उद्या सरळ सांगून टाकतो सभेत, एक नळी उलटी नोंदलीय म्हणून."

तू सांगितलंस. लपवायचं तुला सुचलंच नाही. आणि समोर बसलेले एक वरिष्ठ म्हणाले, "एक उलटी, तर बाकीच्या दहा सरळ कशावरून?" आणि पुढं, "ज्याला वर आणि खाली कळत नाही त्यानं समुद्राचं वय कशाला सांगावं?" हशा पिकला. मी तिसऱ्या रांगेत होतो. हसलो नाही, पण उठलोही नाही.

त्या सभेनंतर चौकशी बसली, तिला तीन माणसं होती. वहीत तुझं नाव. त्यांनी तुझं आडनाव वाचलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि पुढचं सगळं त्यांना आधीच माहीत असल्यासारखं सोपं झालं. "अशा लोकांना" एकदम समुद्रावर पाठवायची घाई झाली, असं त्यातला एक जण इंग्रजीत म्हणाला, आपल्याला ते कळणार नाही अशा थाटात. तुझ्या जागी मी असतो तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते, जहाज, हवामान, मदतनीस, सगळं तपासलं असतं. तुला एकच विचारला. पाळी कोणाची होती? तू म्हणालास, "पाळी माझी होती." आजारी होतो म्हणाला नाहीस. शिवराजनं केली म्हणाला नाहीस. मला वाटलं, तू त्या म्हाताऱ्याची रोजी वाचवतो आहेस. मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?" माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. त्याच्यावर झाकण होतं. ते मी नीट बसवलं आणि म्हणालो, "नाही, सर."

त्याच महिन्यात आपल्या दोघांपैकी एकाला नोकरीत कायम करायचं होतं. मला केलं.

तुझा सगळा अभ्यास बाजूला पडला. तू राजीनामा दिलास. मी तुला स्टेशनवर सोडायला आलो होतो. तुझ्या ट्रंकेवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट बांधलेलं होतं. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "पाईपचा तुकडा. फेकून दिल्ता. घरी मोरीला लागंल." गाडी हलली तेव्हा तू हात हलवलास आणि ओरडलास, "पत्र टाक, अप्पा!" मी टाकलं नाही.

सहा वर्षांनी दुसरं जहाज त्याच जागी गेलं. त्यावर मी होतो. नव्या नळ्या काढल्या. तुझं बरोबर निघालं. पश्चिमेला सावकाश, पूर्वेला भरभर, पहिल्या थराच्या वयानं दोन्हीकडं स्वच्छ सांगितलं. त्यावरचा शोधनिबंध माझ्या नावानं छापला गेला. तुझं नाव आभारातही नव्हतं. मी तुला त्याची एक प्रत पाठवली. का पाठवली ते अजून मला उलगडलेलं नाही. तुझं कार्ड आलं, दोन ओळींचं. "अभिनंदन. म्हणजे तळ सरकायलाय म्हणायचा. कमलची तब्येत बरी आहे, मुलगी झाली, शुभांगी नाव ठेवलं." मी ते कार्ड कपाटात उलटं ठेवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मी कलबुर्गीला आलो तेव्हा मला वाटलं होतं, तू येणार नाहीस. आठव्या दिवशी दारात उभा. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. "किती लपून ऱ्हातूस बे? पत्ता काढायला तीन गावं हिंडलो." तेव्हापासून आपण पुन्हा भेटत राहिलो. हे माझ्यावरचे उपकार मी कुठं मांडू?

तुझ्या घरातला तो प्रयोग आठवतो. परीक्षेच्या आधी दहावीची पोरं जमवली होतीस. दोन लाकडी पाट मधे जराशी फट ठेवून शेजारी शेजारी मांडले, मधल्या फटीतून दोन पंचे वर काढले आणि दोन मुलींना दोन बाजूंना सावकाश ओढायला लावले. तू वरून चाळणीनं ज्वारीचं पीठ चाळत होतास. कमलवहिनी आतून धावत आल्या.

"अहो, भाकरीचं पीठ हाय ते!"

"समुद्राला कमी पडायलंय. अजून वाटीभर दे."

"समुद्राला माझाच डबा घावला व्हय? भावजी, तुम्ही तरी सांगा की ह्यांला. तुम्ही तर खरा समुद्र बघितलाव."

पोरं हसत होती. पण पंचे जसजसे सरकले तसतसे सगळे पुढं वाकून बघू लागले. फटीपाशी कापड स्वच्छ आणि टोकांकडं पीठ दाट. कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, पीठ सगळीकडं सारखंच पडायलंय, कापडच सरकायलंय." तू इतका खूश झालास की उरलेलं पीठ चाळणीसकट तिच्या डोक्यावर धरलंस.

मी मात्र तिथंही वाद घातला. म्हणालो, "खरा समुद्र पंच्यासारखा सपाट नसतो, प्रल्हाद. तिथं खडक आहेत, खळगे आहेत. उंचावरचा गाळ घसरतो आणि खळग्यात साचतो. जाडी बघून वय काढशील तर फसशील." आपला हा जुना वाद. तू पंचा झटकत म्हणालास, "म्हणूनच तर म्हणायलाव तवापासनं. वर किती साचलं ते बघू नको. सगळ्यात खाली काय हाय ते बघ." मी म्हणालो, तिथपर्यंत पाईप पोचायला हवा ना. तू म्हणालास, "पोचतंय. वजन पाहिजे." मी याला शास्त्र समजलो. मागच्या आठवड्यात माजघरात तुझ्या पलंगाच्या कडेवर बसलो असताना मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवसाची गोष्ट. पाहुणे पांगले होते. कमलवहिनींनी मला आत बोलावलं. तुझ्या कपाटाच्या वरून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब वस्तू काढली. ज्या खुर्चीत मी इतकी वर्षं बसून चहा प्यालो, तिच्या बरोबर वर ते कपाट.

"रविवारीच पुसून ठिवलं होतं. तुम्ही येणार म्हणून."

कागद सोडला. उभी चिरलेली प्लॅस्टिकची नळी, पन्हाळीसारखी. पिवळी पडलेली. आत अजून तांबूस डाग. वर 'अकरा' हा आकडा, तुझ्या नव्हे, माझ्या अक्षरात. त्याच्या शेजारी बाण. आणि बाणाच्या टोकापुढं एक ठिपका.

प्रल्हाद, बाण मी काढला हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. ठिपका मी विसरलो होतो. मी पाणी काढून ठेवलं होतं. चुन्याच्या बाणापुढं काढायचो तसं, वडिलांच्या हुकमाप्रमाणं, समुद्राच्या मधोमध उभं राहून. तो ठिपका त्या मदतनीसाच्या सात पिढ्यांना काढता आला नसता. माझ्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. वहिनी काय बोलतायत ते थोडा वेळ दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"...ह्यो हिरीचा बाण हाय म्हणायचे. त्या जहाजावर असला बाण दोघंच काढू शकतेत, मी अन् शिवराज. अन् मी काढला न्हाई."

मी विचारलं, "मग चौकशीत दाखवला कामून न्हाई?"

"चौकशी झाल्यावर घावला. टाकलेल्या सामानात पडला होता. मग गावाकडं आल्यावर मी लई भांडले, जावा अन् दाखवा म्हणले. एका दिवसात नोकरी परत मिळाली असती. तर म्हणाले, न्हाई. त्यो येऊन स्वतःच सांगंल. लाज वाटायलीय त्याला, म्हणून उशीर लावायलाय."

"वहिनी..."

"पयल्या वर्षी रोज टपालाची वाट बघितली. मग म्हणाले, उन्हाळ्यात येतंय. मग म्हणायचं सोडलं. पाईप तेवढा सहा महिन्याला काढून पुसायचे."

मला एकच कळत नव्हतं. "मग आत्ता कामून काढला? आत्ताच?"

वहिनींनी पदरानं नळीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती. म्हणाल्या, "रविवारी सकाळी म्हणाले, शिवराजचं वय झालं, कमल. त्याला एकट्याला जमंना झालंय. आपणच जरा सोपं करून देऊ."

आजवर मला वाटत होतं, तुला कळलं तर तू मला तोडशील, म्हणून मी गप्प आहे. तुला सगळं ठाऊक होतं. शेंगांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिलास तेव्हा ठाऊक होतं. फुलदाणीकडं बघत टाळ्या ऐकल्यास तेव्हा ठाऊक होतं. ते अभिनंदनाचं कार्ड तू ठाऊक असताना लिहिलंस. माझ्या गुन्ह्याची कबुली मला जड जाते म्हणून तिला हातभार लावायला निघालेला माणूस, आणि मी त्याला म्हणालो, फोटो पाठव.

मी वहिनींच्या पाया पडायला वाकलो. वहिनी मागं सरल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्यासमोर नगा, भावजी. मला कवाचं ठाऊक हाय. ज्यांना न्हाई ठाऊक त्यांच्यासमोर सांगा. माझ्या पोरीला शाळेत म्हणायचे, तुझ्या बापाला वर-खाली कळत न्हाई म्हणून काढून टाकला. कुठनं तरी आलंच होतं ते गावापातूर. तिनं कुणाला सांगितलं न्हाई, बापाला बी न्हाई. मला सांगितलं." शुभांगी दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चुलीकडं गेली. चहा आणला. तो हातात धरून मी बसून राहिलो, ठेवायची हिंमत झाली नाही.

परवा मी संस्थेला पत्र पाठवलं. तिथं आता आपल्या वेळचं कुणी नाही. ते काय करतील मला ठाऊक नाही. निबंधावर तुझं नाव आधी घालावं आणि अकरा नंबरच्या नोंदीत दुरुस्ती करावी, असं लिहिलं आहे. सोबत बाणाचा फोटो जोडला आहे. फोटोत कळत नाही, हे तू म्हणालाच होतास, म्हणून वडिलांची रीत पानभर लिहून पाठवली. उत्तर येईपर्यंत मी असेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून त्यावर विसंबून राहिलेलो नाही.

उद्या शाळेच्या पटांगणात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. मला बोलायला सांगितलं आहे. वहिनींनी नळी माझ्या हवाली केली आहे, ती मी हातात घेऊन उभा राहणार आहे. पहिल्या रांगेत शुभांगीला बसायला सांगितलं आहे. ती म्हणाली, "बघते, काका." मला भीती वाटते. बहात्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय गमवायचं असतं असं वाटत होतं, पण त्या पोरांच्या नजरेत मी गेली पंचवीस वर्षं 'सरांचे मित्र' आहे. उद्या सकाळनंतर ते नसेन. वाटेत पाय परत फिरतील म्हणून आजच येऊन तुझ्या ओट्यावर मुक्काम केला आहे. ती चप्पल आता इथं नाही. शुभांगीनं आत नेली.

तुला गेलेला म्हणायची माझी जीभ अजून वळत नाही. मघाशी वाटेवर कुणीतरी खाकरलं तर मी चटकन नळी पाठीमागं लपवली. तू आत येशील आणि बघशील म्हणून. चाळीस वर्षांची सवय. मग पुन्हा मांडीवर घेतली.

त्या दुपारी पाळीच्या वहीत जे लिहायला हवं होतं, ते आज लिहितो. उद्या हेच वाचणार आहे, याच्या पुढंमागं काही बोलणार नाही.

नळी क्रमांक अकरा. डोंगररांगेच्या माथ्याजवळ, पश्चिमेकडं. पाळी प्रल्हादची, प्रल्हाद आजारी, केबिनमध्ये. डेकवर हजर शिवराज. बाण उलटा. काढणारा शिवराज. मदतनीसाचा दोष नाही. प्रल्हादचा दोष नाही. बाकीच्या दहाही नळ्या सरळ आहेत.